लाख वाती आणि एक शेळी

खरं सांगायचं तर त्या प्रवासाला निघताना माझ्या मनात देव नव्हता. माय होती, मायचं गाठोडं होतं, आणि ते गाठोडं कोकणातल्या एका समुद्रकाठच्या शिवालयापर्यंत सुखरूप पोचवायचं, एवढंच काम मी अंगावर घेतलं होतं. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. आजोबा कागदावर सही म्हणून नांगराचं चित्र काढत, वडीलही तेच काढत. त्या घरातला मी मुंबईच्या कॉलेजातून बी. ए. होऊन आलो. हे लिहिताना आजही माझी छाती फुगते. खोटी नम्रता मला जमत नाही. पण पुस्तकांनी जेवढं दिलं तेवढं काही काढूनही घेतलं. लहानपणी मारुतीच्या देवळावरून जाताना हात आपोआप जोडले जायचे, ते आता विचार करून जोडावे लागत. देवाला मी नाकारलं नव्हतं. वर्गातल्या मागच्या बाकावर बसवून ठेवलं होतं, इतकंच. विचारलं तर उत्तर देईल, आणि आपण विचारायचं नाही.

नवस मायचा होता आणि माझ्यासाठी होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मला ताप आला तो महिनाभर उतरेना. एका कोकणी सोबत्यानं मला उचलून आपल्या गावी नेलं. समुद्राच्या हवेनं म्हणा, त्याच्या आईच्या हातच्या पेजेनं म्हणा, मी तिथे उभा राहिलो. मला तिकडे हलवल्याची बातमी तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात पोचली तेव्हा मायनं एकच गोष्ट विचारली, "त्या गावात देव कोनता हाय?" कोणीतरी सांगितलं, महादेव आहे, अगदी पाण्याच्या काठावर. तिनं तिथल्या तिथे पदर पसरला आणि बोलली, पोरगा बरा होऊन, शिकून घरी येऊ दे. त्रिपुरी पौर्णिमेला तुझ्या दारात लाख वाती जाळीन. आमच्याकडे लाखवाती म्हणजे विकत आणलेल्या वाती नव्हेत. आपल्या वावरातला कापूस, आपल्या हातानं सरकी काढलेला, आपल्या हातानं वळलेला. शंभर वातींची एक जुडी, अशा हजार जुड्या. मायला त्यासाठी तीन वर्षं लागली.

ती तीन वर्षं नेमकी कोणती, तर कापसानं आमच्या वऱ्हाडाचं डोकं फिरवलं ती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि आमच्या बोंडांना असा भाव आला की घरातली गादी उसवून कापूस विकणारे लोक मी पाहिले आहेत. माझ्या काकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. मायनं मात्र दरवर्षी पहिल्या वेचणीतला उत्तम कापूस बाजूला काढला. काका ओसरीवरून ऐकवायचे, "लोकं कापसावर बैलायले चांदी चढवून राहिले, अन् तुमी त्याच्या वाती वळून राहिल्या, वयनी!" माय मान वर न करता म्हणायची, "बैलाले चांदी काय समजते, भाऊजी? देवाले वात समजते." मी शिकलेला मुलगा, मला दोघांचंही हसू यायचं. पण नवस माझ्या नावाचा होता आणि वडील गेल्यावर मायला नेणारं दुसरं कोणी नव्हतं. कार्तिक लागताच आम्ही निघालो.

आगगाडी आमच्याकडे नवीनच आली होती. अकोल्याला माय डब्यात बसली ती खिडकीचा गज धरूनच. गाडी दोन तास धावल्यावर तिनं मला काळजीनं विचारलं, "इतकी पळाली, हिले पानी पाजलं का कोनी?" पुढच्या ठेसनावर इंजिनाला सोंडेतून पाणी पाजताना पाहिलं तेव्हा कुठे तिचा जीव खाली बसला. मुंबईहून आम्ही गलबतात चढलो. समुद्र पहिल्यांदा पाहून बायाबापड्या हात जोडतात, माय बराच वेळ टक लावून पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढं पानी, अन् एकही मोट नाही!" गलबतावरचे खलाशी पोट धरून हसले. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, आणि आज मलाही वाटत नाही.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी आम्ही गावात उतरलो. माझा सोबती तेव्हा नोकरीवर दूर होता आणि त्याच्या घराला कुलूप होतं, म्हणून देवळाच्या पडवीत मुक्काम केला. गाव म्हणजे खाडीच्या तोंडाशी कोळ्यांच्या पन्नासेक झावळ्यांच्या झोपड्या, मागे थोडी भंडाऱ्यांची वस्ती, माड, आणि त्यांच्या पाठीशी उभा काळा-तांबडा डोंगर. महादेवाचं देऊळ बुटकं, दगडी. समोर फरसबंद अंगण, आणि अंगणाच्या पायऱ्या थेट वाळूत उतरलेल्या. भरतीला शेवटच्या पायरीला पाणी शिवायचं. मायनं अंगणाचा एक कोपरा झाडून घेतला, तिथे वाती लावायच्या असं गुरवाला सांगितलं, आणि गावातल्या बायकांना सांगून तूप जमवायला लागली. भाषा एकमेकींची निम्मीच कळायची. पण दुसऱ्या दिवशी चार कोळणी तिच्यापाशी बसून वातीच्या जुड्या सोडवत होत्या आणि सासवांबद्दल बोलत होत्या. त्या विषयाला भाषा लागत नाही.

चतुर्दशीला सकाळी मासे घेऊन एकही होडी आली नाही. गेलेल्या होड्या रिकाम्याच परत फिरल्या होत्या. वारा अजिबात नव्हता, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, आणि तरी समुद्र फुगत होता. जड, लांबलचक लाटा बऱ्याच अंतरानं एकामागून एक येत होत्या आणि किनाऱ्यावर आपटताना जमीन हलवत होत्या. गावचा तांडेल हरबा वाळूत उकिडवा बसून त्या पाहत होता. साठीचा, सुकलेल्या माशासारखा कडक माणूस. मला तो मास्तर म्हणायचा. "मास्तर, या लाटा आपल्या नाय," तो म्हणाला. "लांब कुठंतरी कोण तरी खवळलाय, त्यानं धाडल्यात." मी म्हटलं, आकाशात तर ढगाचा ठिपका नाही. तो म्हणाला, "आकाश उद्या सांगेल. दर्या आज सांगतो." आणि उठून त्यानं शंख फुंकला.

मग मी जे पाहिलं ते कोणत्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. दुपारपर्यंत सगळं गाव एका शरीरासारखं हललं. बापे एका सुरात आरोळ्या देत होड्या माडांपलीकडे ओढून नेत होते आणि उडू नयेत म्हणून त्यांत वाळू भरत होते. ज्या जाळ्यांवर पोट चालतं ती जाळी झोपड्यांच्या छपरांवर टाकून कडेनं दगड बांधले गेले. गुरं दावणीची सोडून डोंगराकडे हाकली. बायकांनी चुली विझवल्या, राख पाण्यानं भिजवली आणि गावातला सगळा विस्तव म्हणून एकच निखाऱ्यांचं मडकं वर नेलं. डोंगराच्या कुशीत कातळात खोदलेलं एक जुनं लेणं आहे. असा प्रसंग आला की गाव तिथे जातं, आजोबा-पणजोबांपासून. कोणी कोणाला शिकवत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. मी पागोटं सावरत पडवीत उभा होतो. मला कोणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. मनात म्हणत होतो, अडाणी माणसं, चार लाटा पाहून घर सोडतात.

गुरवानं देवाला शेवटचं फूल वाहिलं आणि दार ओढून घेतलं. मायला ते पटेना. "देवाले एकट्याले सोडून चाल्ले?" तिनं विचारलं. गुरव म्हणाला, "तो पाण्यातलाच हाय, बाय. तो राहील. आपण मातीतली, आपण विरघळू." हे ऐकून माय उठली. संध्याकाळी आम्ही गाठोडं आणि तुपाची बरणी घेऊन लेण्यात गेलो. आकाश तोवर तांब्याच्या घागरीसारखं झालं होतं.

रात्रीबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. अंधारात दोन-अडीचशे माणसं खेटून बसली होती आणि बाहेर डोंगर खरवडल्याचा आवाज होता. वारा आग्नेयेकडून, डोंगरावरून समुद्राकडे वाहत होता. उजाडलं तेव्हा कळलं की लेण्याच्या भेगेतून पाणी झिरपून मायच्या गाठोड्याची एक बाजू भिजली आहे. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, वडील गेले तेव्हाही नाही. आमच्या लोकांना विचारा, भिजलेला कापूस म्हणजे काय ते. दोन प्रहर तसाच राहिला तर पिवळा पडतो, मग काळा. त्याला कोणी हात लावत नाही. आणि पौर्णिमा तर आजच होती. "डागलेली वात देवाले कशी लावू, बापू?" ती एवढंच म्हणाली आणि जुड्या मांडीवर घेऊन पदरानं टिपत बसली.

सकाळी दहाच्या सुमारास वारा पडला. मंदावला नाही, कोणीतरी दार लावून घ्यावं तसा बंद झाला. मी लेण्याच्या तोंडाशी आलो. डोक्यावर निळ्या आकाशाचा मोठा गोल तुकडा आणि त्यातून लख्ख ऊन. खाली गावातल्या निम्म्या झोपड्या आडव्या, पण देऊळ उभं, अंगण धुऊन स्वच्छ. रात्रभराच्या वाऱ्यानं समुद्र मागे हटवला होता. वाळूचा इतका रुंद पट्टा उघडा पडला होता की लाटा दूरवर दिसत होत्या. समोरच्या कातळावर पांढरे समुद्रपक्षी बसले होते, दहा-वीस, आणि माणूस जवळ आला तरी उडत नव्हते.

आता वऱ्हाडातला माणूस ऊन पडल्यावर काय करतो? कापूस पसरतो. आमच्याकडे वावधान येतं, झोडपतं, निघून जातं, आणि ऊन आलं की अंगणभर, छपरावर, खाटांवर कापूस पसरायची घाई सुटते, कारण उशीर केला की गेला. आमच्या हाताला ती सवय जन्मापासून असते. माय माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. "ऊन पडलं, बापू. आता पसरल्या तं दुपारपावतर वाळतीन." लेण्यासमोर सगळा चिखल. पाणी निथळून गेलेली कोरडी फरशी एकच, देवळाच्या अंगणाची.

हरबा तांडेल सगळ्यांना ओरडून सांगत होता, "कोणी हलायचा नाय! ही वावटळ अर्धीच झाली. बाकीची आता दर्याकडून येणार." मी त्याला म्हटलं, "तांडेल, वादळं आमच्याकडेही येतात." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, पण तेवढ्यात कोणाचं तरी पोर रडायला लागलं, एक म्हातारी बेशुद्ध पडली, आणि तो आत गेला. इथे मला कबूल केलं पाहिजे. समुद्रावरची मोठी वादळं चाकासारखी फिरतात हे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं; परीक्षेत त्यावर उत्तर लिहून मार्कही मिळवले होते. पण चाकाला मध्य असतो आणि आपण त्या मध्यात उभे आहोत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. जे वाचलं होतं ते कागदावरच राहिलं. मायनं मला विचारलं होतं, "जावाचं का?" ती थांबायला तयार होती. मीच म्हटलं, "चल माय, संपलं ते." गाठोडं तिनं डोक्यावर घेतलं, बरणी मी घेतली, आणि आम्ही कोणाला न सांगता पायवाटेला लागलो.

निम्मी वाट उतरलो असू. वळणावर चिऱ्यांचा एक जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, रात्री कोसळला होता आणि त्यापाशी एक म्हातारा वाकून उभा होता. कमरेला लंगोटी, खांद्यावर घोंगडीचा तुकडा, एका डोळ्यात फूल पडलेलं. दगडांखालून शेळीच्या ओरडण्याचा बारीक आवाज येत होता.

"ओ पागोटेवाले," तो म्हणाला, "जरा हात लावा. माझी शेळी अडकली."

मी म्हटलं, "घाईत आहोत, बाबा. येताना लावतो."

"येताना कशाला? ती काय तोवर थांबेल?"

मी त्याला टाळून पुढे पाऊल टाकलं होतं. खोटं सांगत नाही. मला ऊन दिसत होतं आणि वाती दिसत होत्या, शेळी दिसत नव्हती. पण मागे धप्प आवाज आला. मायनं गाठोडं वाटेवर ठेवलं होतं आणि ती लुगड्याचा पदर कमरेला खोचत होती. "जनावर हाय ना, बापू," ती म्हणाली. "वाती काय वरडून राहिल्या?"

आम्ही चिरे उचलायला लागलो. एकेक चिरा दोन माणसांना भारी. म्हातारा स्वतः हात लावायचा कमी आणि बोलायचा जास्त. "वरचा उचल, वरचा! खालचा ओढलास तर सगळा तिच्या डोसक्यावर. घर बांधलं नाय काय कधी?" मी म्हटलं, नाही. "मग केलंस काय इतकी वर्षं?" मी घाम पुसत, जरा ताठ होऊनच म्हटलं, "शिकलो." "बरं केलंस," तो म्हणाला, "आता हा चिरा शीक." माय तोंडाला पदर लावून हसली. मला राग आला होता, हेही लिहून ठेवतो. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बोटं सोलली, पागोटं चिखलात पडलं. मधूनच माय गाठोड्याची गाठ सोडून वाती उन्हाला लावून आली. अखेर शेवटचे दोन चिरे निघाले आणि खालून शेळी निघाली. गाभण, एक पाय दुखावलेला, पण जिवंत. मायनं तिला मांडीवर ओढून घेतलं. "हो माय, हो. झालं आता."

तेव्हा आवाज ऐकू आला. गाडीचा आवाज मी ऐकला होता, गिरणीचा ऐकला होता. हा त्यातला नव्हता. समुद्राच्या बाजूचं आकाश भिंतीसारखं काळं होऊन पुढे सरकत होतं आणि त्याच्या पायाशी पाणी पांढरं उभं राहिलं होतं. म्हाताऱ्यानं माझ्या मानेला धरून मला गडग्याच्या उरलेल्या भागाआड खाली दाबलं, मायला माझ्या अंगावर ढकललं. "मान खाली! उठू नको!" आणि वारा आला, आता उलट्या बाजूनं, समुद्रावरून.

पहिल्याच झोतात उघडं गाठोडं उचललं गेलं. तीन वर्षांच्या लाख वाती माझ्या डोळ्यांदेखत हवेत फुटल्या आणि बगळ्यांचा थवा उठावा तशा आमच्या डोक्यावरून डोंगराकडे गेल्या. मी मायकडे पाहिलं. मला वाटलं ती किंकाळी फोडेल. ती शेळीला पोटाशी धरून वर पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगतो, हसू होतं. माझ्या कानाशी तोंड आणून ती ओरडली, "नेल्या रे त्यानं! जाळाची बी वाट नाही पाह्यली!"

मग मी खाली पाहिलं. देवळाचं अंगण नव्हतं. जिथे ती झाडलेल्या कोपऱ्यात वाती पसरून बसली असती, तिथे पुरुषभर उंचीचं पाणी होतं, त्यात माड काड्यांसारखे फिरत होते, आणि भरतीची वेळ अजून पूर्ण झाली नव्हती. देवळाचं शिखर तेवढं दिसत होतं. आम्ही थांबलो नसतो तर कुठे असतो, याचा विचार मी तेव्हा केला नाही. पुढे केला, अनेकदा. प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं.

"आता वर जा," म्हातारा म्हणाला. "शेळी ने. गुडघ्यावर जा, उभा राहू नको." मी शेळी खांद्यावर घेतली, मायनं माझ्या धोतराचा सोगा मुठीत धरला, आणि आम्ही रांगत निघालो. पाऊस दगडांसारखा लागत होता. तो आमच्या मागून येतो आहे असंच मी धरून चाललो होतो. लेण्यापाशी पोचून वळून पाहिलं तर पावसापलीकडे काही दिसत नव्हतं.

लेण्याच्या तोंडाशी हरबा कमरेला दोर बांधून उभा होता, आम्हाला शोधायला उतरण्याच्या बेतात. मी शेळी खाली ठेवली आणि त्यानं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात मला खूप मान मिळाला. पण ती थप्पड मी त्या सगळ्यात वरची मानतो. मारून झाल्यावर त्यानं मला छातीशी धरलं. "आणि कोण खाली हाय?" मी म्हाताऱ्याचं वर्णन केलं: घोंगडी, डोळ्यात फूल. त्यानं दोनदा माणसं मोजली. एकही कमी नव्हतं. तेवढ्यात मागून एक विधवा कोळीण धावत आली आणि शेळीच्या गळ्याला मिठी मारून रडायला लागली. शेळी तिची होती. मी म्हटलं, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यानं हाक मारली म्हणून. ती म्हणाली, "माझ्या घरात बाप्या माणूस कोण नाय, दादा. दहा वर्षं झाली."

वारा उतरल्यावर दोघे जण गडग्यापर्यंत जाऊन आले. कोणी नव्हतं, काही नव्हतं. पुढे खाडीपलीकडच्या गावात विचारलं, भंडारवाड्यात विचारलं. हरबा म्हणाला, असेल कोणी वाटसरू, डोंगर चढून पलीकडे गेला असेल. असेलही. मी त्यावर वाद घालत नाही. मी जे पाहिलं ते सांगितलं. त्यात माझ्याकडून एक शब्दही वाढवलेला नाही.

दुपारनंतर पाऊस थांबला. झोपड्या बहुतेक सगळ्या गेल्या होत्या, पण माणूस एकही गेलं नव्हतं, आणि त्या गावात ही मोजणी लागली की बाकीचं दुःख दुसऱ्या दिवसावर टाकतात. गाभाऱ्यात कंबरभर वाळू भरली होती. गुरव, माय आणि मी, आम्ही टोपल्यांनी ती उपसली, आणि संध्याकाळी पिंडीचा माथा हाताला लागला. मायनं संकोचून गुरवाला विचारलं, वाती तर गेल्या, नवस फिटला का? गुरव वाळू झटकत म्हणाला, "बाय, वर मोजायला कोण बसलंय?" डोंगरावर, माडांच्या बुंध्यांना, आडव्या पडलेल्या छपरांवरच्या जाळ्यांत त्या ओल्या वाती चिकटून राहिल्या होत्या. बायकांनी त्या वेचल्या, निखाऱ्यांच्या मडक्याभोवती धरून शेकल्या आणि पणत्यांत घातल्या. ज्यांना भिंती उरल्या नव्हत्या त्यांनी नुसत्या चुलीपाशी लावल्या. पौर्णिमेचा चंद्र वर आला तेव्हा उघड्या पडलेल्या त्या वस्तीत चूल तिथे एक पणती तेवत होती.

शरण जाणं म्हणजे हात जोडून डोळे मिटणं, अशी माझी समजूत होती, आणि म्हणून ते मला जमत नव्हतं. त्या वाटेवर मायनं गाठोडं खाली ठेवलं, तेव्हा ती शरण गेली. तीन वर्षांचा नवस हातात होता, ऊन सरत होतं, आणि तिनं त्याहून आधी समोरच्या जिवाचं ऐकलं. मला वाटायचं देव आला तर काही द्यायला येईल. तो कामाला लावायला येतो, अवेळी येतो, आणि वर आपल्याला बोलही लावतो, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. माझा अभिमान अजून आहे. शिकलो याची लाज मी का बाळगावी? पण माझं ठरलेलं मोडायला कोणी आलं की मी आता चिडत नाही. जरा थांबून पाहतो, दगडाखाली काय आहे ते.

त्यानंतर माय एकवीस वर्षं जगली. मला आधी अकोल्याच्या आणि मग अमरावतीच्या शाळेत जागा मिळाली, ती माझ्याजवळ राहिली. कापसाचा भाव लढाईबरोबरच उतरला, काकांच्या बैलांची चांदी कधी गेली ते कळलंही नाही. मायनं माझी पोरं न्हाऊ-माखू घातली, माझ्या विद्यार्थ्यांना ज्वारीची भाकर खाऊ घातली, अमरावतीच्या बाजारात भाजीवालीशी एका वांग्यावरून तासभर भांडली. एवढे साधे दिवस, आणि त्यातला एकेक मला फुकट मिळालेला. एकदा दुपारी ती तुरीची डाळ निवडत होती. सुट्टीचा दिवस होता, घर शांत होतं, आणि मला राहवलं नाही. मी विचारलं, "माय, कोण असेल गं तो?"

कोणाबद्दल विचारतो आहे हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं सुपातला खडा उचलून बाहेर टाकला.

"कोनी का असंना," ती म्हणाली. "तू जेवाले बस. भाकर थंडी होऊन राहिली."